आइस हॉकीचा टॅटू: कोपर ते मनगट काय बसेल, आणि रोज समुद्रात उतरणाऱ्याने तो कधी करावा?

खाऱ्यापाण्यातला (तारकर्ली)

नमस्कार मंडळी. आइस हॉकीवर टॅटू करून घ्यायचाय, पहिलाच. जागा ठरली आहे: उजव्या हाताची आतली बाजू. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत २४ सेंमी भरतं. समोरून दिसणारी रुंदी कोपराकडे ८ सेंमी, मनगटाकडे साडेपाच. रंग सावळा. काम पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं, म्हणजे ऑक्टोबर ते मे रोज खाऱ्या पाण्यात.

कल्पना अशा: एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन स्टिक आणि मध्ये पक. नाहीतर स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मोठी लीग) जिंकणाऱ्या संघाची ट्रॉफी. नाहीतर जुना कॅनेडियन खेळाडू बॉबी ऑर याचा चार नंबर, पण देवनागरीत. नाहीतर तडे गेलेला बर्फ पांढऱ्या शाईत आणि त्यावर टोरांटो संघाचं मेपलचं पान. लडाखची काही खूण आली तर फारच आवडेल, पण ती कशी आणावी ते सुचत नाही.

इथे टॅटू काढणाऱ्यांचा हात चांगला आहे, पण आइस हॉकी त्यांनी पाहिलेली नाही. तेव्हा कागदावर काय काढून द्यायचं, किती मापाचं, चुका कुठे होतात ते नीट सांगा. आणि समुद्राचं काय? किती दिवस पाण्याबाहेर राहायचं, वर्षातली कुठली वेळ धरायची?

निळीरेघ

सगळ्यात मोठा धोका आधी. आपल्याकडे ‘हॉकी’ म्हटलं की मैदानी हॉकी. टॅटूवाला मोबाइलवर शोधणार, त्याला टोकाला गोल वळलेली स्टिक आणि पांढरा चेंडू सापडणार, आणि तेच स्टेन्सिलवर (सुईआधी त्वचेवर उमटवायच्या छापावर) उतरणार. म्हणून तोंडी सांगू नका, चित्र काढून न्या.

आइस हॉकीच्या स्टिकचा दांडा सरळ आणि चौकोनी कडांचा असतो. खालचं ब्लेड त्याला साधारण १३५ अंशांच्या कोनात जोडलेलं असतं, तिथे गोल वळण नाही, स्पष्ट कोन आहे. नियमाप्रमाणे दांडा जास्तीत जास्त ६३ इंच आणि ब्लेड साडेबारा इंच, म्हणजे पाचास एक. टॅटूत दांडा १५ सेंमी घेतलात तर ब्लेड ३ सेंमी लांब आणि ६-७ मिमी उंच हवं. ब्लेडवरची टेप सलग काळी भरा आणि वेढ्यांच्या जागी त्वचेची रेघ मोकळी सोडा. काळ्यावर पांढऱ्या शाईने वेढे काढले तर ते टिकत नाहीत. गोलकीपरची स्टिक वेगळी: तिच्या दांड्याचा खालचा भाग चांगला रुंद असतो. दोन स्टिकमधली एक गोलकीपरची घेतलीत तर जोडी जास्त बोलकी होते.

पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची रबरी चकती. बाजूने काढताना लांबी-उंची तीनास एक ठेवा, नाहीतर ती कॅरमच्या सोंगटीसारखी दिसते. स्केट काढणार असाल तर पात्याच्या पुढच्या टोकाला दाते नकोत. ते दाते फिगर स्केटिंगच्या बुटाला असतात, हॉकीच्या नाही, आणि ही चूक तयार डिझाइनांत सर्रास सापडते.

डाव्या-उजव्याचंही बघा. स्टिकवर खालचा हात डावा असेल तो खेळाडू ‘लेफ्ट शॉट’. स्टेन्सिल छापताना चित्र उलटं झालं की लेफ्टचा राइट होतो, आणि आकडा नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कागदाच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहून ठेवा. ते त्वचेवर सरळ वाचता आलं की चित्र बरोबर, मग ते अक्षर पुसून टाकायचं.

आता माझं मत. तुमच्या हाताला दोन स्टिकपेक्षा रिंकचा, म्हणजे खेळाच्या बर्फाच्या मैदानाचा, नकाशा शोभेल. लांबट जागा, लांबट आकार, आणि खेळ ओळखणाऱ्याला तो लांबूनच कळतो. एनएचएलचं रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. टॅटू १५ सेंमी लांब घेतला तर रुंदी ६.४ सेंमी. आत असं येतं: टोकाच्या फळीपासून गोल रेषा (गोलजाळं जिच्यावर असतं ती सरळ आडवी रेघ) ८ मिमी, तिथून निळी रेषा ४.८ सेंमी, दोन निळ्या रेषांमधलं अंतर पावणेचार सेंमी, मग पुन्हा ४.८ आणि ८ मिमी. कोपऱ्यांची गोलाई २.१ सेंमी त्रिज्येची. हे कोपरे जरा कमी गोल केले तरी रिंक जाऊन फुटबॉलचं मैदान होतं, म्हणून तिथे हात आवरू नका. फेसऑफची (पक टाकून खेळ सुरू करतात त्या जागांची) वर्तुळं पाच, प्रत्येकाचा व्यास सव्वादोन सेंमी. टोकाकडच्या चार वर्तुळांचे मध्य गोल रेषेपासून दीड सेंमीवर आणि मधल्या अक्षापासून १.६५ सेंमीवर. मधल्या पट्ट्यातले चार ठिपके निळ्या रेषेपासून आतल्या बाजूला ४ मिमीवर. गोलपुढचं अर्धगोल फक्त साडेचार मिमी त्रिज्येचं येतं, ते तेवढंच ठेवा.

तीन ठिकाणी माप मोडायचं. गोल रेषा खऱ्या रिंकवर २ इंच जाड असते. या मापात ती मिमीच्या आठव्या हिश्शाएवढी येईल, तेवढी बारीक रेघ सुईने होत नाही. ३ आरएल सुईची (रेघा काढायची तीन टोकांची) एक सरळ रेघ घ्या, पुरे. निळ्या रेषा आणि मधली लाल रेषा एक फूट जाडीच्या, म्हणजे इथे पाऊण मिमी. त्या दीड मिमी करा, नाहीतर बाहेरच्या चौकटीत हरवतात. आणि फेसऑफचे ठिपके एकूण नऊ: मध्ये एक, मधल्या पट्ट्यात चार, टोकांकडे चार. प्रत्येक ठिपका मापापेक्षा मोठा, अडीच ते तीन मिमी.

या नऊ ठिपक्यांत मला आपलं गोंदण दिसतं. कोकणातल्या आज्यांच्या हातावर ठिपक्यांची जी मांडणी असते ती आठवा. रेषा बारीक ठेवून ठिपके गोंदणासारखे गडद, भरीव, जरा हातवळणाचे काढले तर रिंक खरंखुरं इथलं होतं, वेगळी सजावट लागत नाही.

शाईघर

निळीरेघ यांनी नकाशा चोख दिलाय. त्वचेच्या बाजूने थोडं सांगतो.

पांढऱ्या शाईतला बर्फ सोडून द्या, हे मी कळकळीने सांगतोय. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली, साधारण दीड ते दोन मिमीवर बसते. सावळेपणा असतो तो वरच्या थरात. म्हणजे पांढरा रंग तुम्ही कायम तपकिरी काचेतून बघणार. पहिले पंधरा दिवस तो उठून दिसतो, कारण त्वचा सुजलेली आणि ताजी असते. पुढे तो पिवळट होतो किंवा जुन्या ओरखड्यासारखा दिसतो.

तडा काढायचा तर त्वचाच तडा म्हणून सोडायची आणि भोवतीचा भाग राखाडी करायचा. काळी शाई पातळ करून तीन छटा बनवतात. तड्याच्या एका कडेला गडद छटा एकदम तोडून थांबवायची, दुसऱ्या कडेला ती हळूहळू विरवत न्यायची. त्याने खोली येते. मुख्य तडा किमान २ मिमी मोकळा, फाटे निमुळते होत १ मिमीपर्यंत. त्याहून अरुंद फट ठेवलीत तर पाचसात वर्षांत दोन्हीकडची शाई पसरून ती बुजते.

रंगांत गडद निळा चांगला बसतो. आकाशी निळा मात्र सावळ्या त्वचेवर राखाडी दिसतो, तेव्हा बर्फासाठी आकाशी वापरू नका. लाल दिसायला छान, पण टॅटूच्या शाईंमध्ये ॲलर्जी सगळ्यात जास्त लालनेच होते, आणि ती काही वेळा महिन्यांनी उठते: खाज, कडक फुगवटा, फक्त लाल भागापुरता. म्हणून मधली रेषा आणि गोल रेषा लाल हवी असेल तर आधी त्याच शाईचा एक ठिपका देऊन सहा आठवडे थांबा. ठिपका बरा राहिला म्हणजे पुढे काहीच होणार नाही असं नाही, पण धोका कमी होतो. मी तर मधली रेषा काळ्याच तुकड्या-तुकड्यांची काढीन. एनएचएलच्या रिंकवरही ती सलग नसते, तुटक चौकटींची असते, त्यामुळे रंगाशिवायही ती ओळखू येते.

पक खऱ्या मापाचा, म्हणजे ७.६ सेंमीचा सलग काळा गोल म्हणून मनात असेल तर तो या जागेवर नको. तळहात वर-खाली फिरवताना हाताच्या आतली त्वचा पिळते आणि गोलाचं अंड होतं. दंडाची बाहेरची बाजू किंवा पोटरी बरी. सलग काळं भरायला मॅग्नम (अनेक टोकांची रुंद) सुई लागते, आणि कितीही चांगलं भरलं तरी खपली पडल्यावर एखाददुसरा फिकट डाग राहतो. त्यावर लगेच सुई फिरवायला सांगू नका. सहा ते आठ आठवडे जाऊ द्यात, मग दुरुस्ती.

पिळण्याची अडचण रिंकलाही आहे. चौकट सरळ दिसायला हवी तर स्टेन्सिल हात टेबलावर ठेवून लावायचं नाही. उभे राहा, हात बाजूला सैल सोडा, तसं लावून घ्या. मग तळहात दोन्हीकडे फिरवून आरशात बघा. टोक जरा वळणारच, पण दोन्हीकडे सारखं वळलं पाहिजे. आवडेपर्यंत पुसून पुन्हा लावायला सांगा, त्यात संकोच नको. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं पूर्ण सुकू द्यायचं. आपल्या दमट हवेत ते लवकर सुकत नाही, आणि ओल्या स्टेन्सिलवर हातमोजा घासला की जांभळी रेघ फिसकटते, मग सुई कुठून न्यायची ते कळत नाही.

जागा: कोपराच्या घडीखाली २ सेंमी सोडा, मनगटाकडे जास्त. १५ सेंमीचं रिंक असेल तर खाली ७ सेंमी उरतात, ते उरू द्यात. मनगटाजवळ हात निमुळता होतो. तिथपर्यंत ६.४ सेंमी रुंदी नेली तर दोन्ही कडा बाजूला वळून दिसेनाशा होतील.

कांदळवन

आकड्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. बॉबी ऑरचा चार देवनागरीत लिहिला की ‘४’, आणि ज्याला देवनागरी येत नाही तो त्याला इंग्रजी आठ वाचतो. आठ हा अलेक्झांडर ओवेच्किनचा नंबर! त्याने ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५वा गोल करून वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे टाकला, त्यामुळे आता आठ आकडा बघितला की चाहत्याला तोच आठवतो. मराठी माणसासाठीच करायचा असेल तर ‘४’ सुंदर आहे. पण जगभरच्या चाहत्यांनी ओळखावा असं वाटत असेल तर शेजारी ऑरची १० मे १९७०ची उडी द्या: गोल मारल्यावर हवेत आडवा झालेला, हात पुढे पसरलेला. ती आकृती सलग काळ्या सावलीत ७-८ सेंमीमध्ये स्पष्ट बसते. चेहरा काढू नका, एवढ्या मापात चेहऱ्याचा डाग होतो.

टोरांटोच्या पानाला टोकं ३१ आणि शिरा १७ आहेत. ३१ म्हणजे १९३१, मेपल लीफ गार्डन्स उघडलं ते साल. १७ म्हणजे १९१७, संघाच्या सुरुवातीचं. वरच्या भागातल्या १३ शिरा तेरा कपांच्या. चाहत्याला हा हिशेब मोडलेला खपत नाही. पण ४ सेंमीच्या पानात १७ शिरा घातल्या तर दोन शिरांमध्ये मिमीभरही जागा उरत नाही. पान करायचं तर किमान ८ सेंमी, नाहीतर संघाचं जुनं साधं पान घ्या. कॅनडाच्या झेंड्यावरचं ११ टोकांचं पान चुकून काढून आणू नका, ते देशाचं आहे, क्लबचं नाही.

स्टॅन्ली कपची उंची ८९.५ सेंमी आणि वजन साडेपंधरा किलो. वर वाडगा, मग उतरत्या कड्या, खाली पिंपासारखा भाग आणि त्यावर पाच रुंद पट्टे. पट्ट्यांवर विजेत्यांची नावं असतात, ती टॅटूत लिहायला जाऊ नका. अक्षर ६ मिमीहून लहान झालं की काही वर्षांत त्याच्या पोटातली जागा भरून येते. नावांऐवजी बारीक आडव्या तुटक रेषा द्या, नजर त्यांना अक्षरंच समजते. आणि एक मानायची गोष्ट: कप जिंकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असा खेळाडूंचा संकेत आहे. टोरांटोने तो १९६७ नंतर जिंकलेला नाही. त्या चाहत्याने कप हातावर घ्यावा की थांबावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी थांबलो असतो.

किनाऱ्यावरच्या माणसाला डेट्रॉइट संघाच्या चाहत्यांचा ऑक्टोपस फार शोभेल. १९५२ साली तिथल्या एका मासळीविक्रेत्याच्या कुटुंबातल्या दोन भावांनी बर्फावर ऑक्टोपस फेकला, कारण तेव्हा कप जिंकायला आठ सामने जिंकावे लागत आणि ऑक्टोपसचे हात आठ. पण इथे आपल्या डोळ्यांना सवय माकुळाची. माकुळाला आठ हात आणि वर दोन लांब शुंडा असतात, म्हणजे दहा. शिवाय डोकं लांबट, बाजूला पर. ऑक्टोपसचं डोकं पिशवीसारखं गोल, पर नाहीत, आणि हात बरोबर आठ. स्टेन्सिलवर बोट ठेवून मोजा. एक हात स्टिकमागे लपवला असेल तरी त्याचं टोक कुठेतरी बाहेर दिसलं पाहिजे.

लडाखसाठी प्रार्थनेच्या पताका घ्या, रिंकच्या एका लांब बाजूवर तोरणासारख्या. त्यांचा क्रम ठरलेला असतो, डावीकडून निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. काळ्या-राखाडीत केलं तर क्रमाचा प्रश्नच नाही, रंगात केलं तर पांढऱ्या पताकेच्या जागी नुसती त्वचा आणि भोवती बारीक काळी कड. पिवळा हळदीच्या गडद छटेत. आणि खाली लिहायचंच असेल तर ‘२०१७’ लिहा. त्या वर्षी बँकॉकला आपल्या महिला संघाने फिलिपिन्सला ४-३ हरवलं, तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या मुली आहेत त्या. २०२५ मध्ये त्यांनीच अल ऐनला आशिया कपात कांस्यपदक मिळवलं. माझ्या मते कुठल्याही क्लबच्या चिन्हापेक्षा ही खूण हातावर असावी.

थंडीतच_बरं (चिपळूण)

वेळेबद्दल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. घाम कमी, हवा कोरडी, खपली स्वच्छ पडते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तिथे जखम कशी वाळणार? शिमग्याआधी किमान चार आठवडे असतील असं बघा, ताज्या टॅटूत रंग आणि गुलाल जायला नको.

बंदरावरचा

ह्यां काय माका पटूक नाय. घरात किंवा कचेरीत बसणाऱ्यासाठी थंडी बरोबर आहे. पण प्रश्नकर्ता ऑक्टोबर ते मे रोज पाण्यात असतो, आणि डिसेंबर-जानेवारी तर त्याचा भरगच्च हंगाम. चार आठवडे काम बंद ठेवणं त्याला जमणार नाही, मग दहाव्या दिवशी तो प्लास्टिक गुंडाळून उतरणार, आणि तेच सगळ्यात वाईट. प्लास्टिकच्या आत पाणी शिरतंच, आणि शिरलेलं पाणी तिथेच कोंडून राहतं.

त्यापेक्षा जूनचा पहिला आठवडा. जलक्रीडा बंद, यांत्रिक होड्यांची मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद. हात आपोआप समुद्राबाहेर राहतो. दमटपणाचा त्रास आहे, पण तो पंख्याखाली बसून सांभाळता येतो. खाऱ्या पाण्यातले जंतू सांभाळता येत नाहीत.

ते जंतू कुठले ते सांगतो, कारण ‘मीठ जखमेला चांगलं’ हा समज किनाऱ्यावर घट्ट आहे. कोमट समुद्रात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. त्यातल्या व्हिब्रिओ व्हल्निफिकसला कोमट आणि मचूळ पाणी मानवतं, म्हणजे खाडीचं मुख त्याला उघड्या समुद्रापेक्षा जास्त सोयीचं. उघड्या जखमेतून तो शिरला तर काही तासांत सूज, फोड आणि ताप येतो. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं. ताजा टॅटू म्हणजे सुईने पाडलेली हजारो भोकंच आहेत. म्हणून रिंकसारख्या रेषांच्या कामाला किमान तीन आठवडे आणि सलग काळं भरलं असेल तर चार आठवडे समुद्र, खाडी, नदी, विहिरीतली डुबकी सगळं बंद.

बंदीच्या दिवसांत घरात मासळी येतेच, सुकी म्हणा, खाडीतली म्हणा. कोळंबी सोलणं, खेकडे मोडणं, कालवं फोडणं तेवढे दिवस दुसऱ्या कुणाला करू द्या. हातमोजा मनगटापर्यंत येतो, टॅटू त्याच्या वर आहे, आणि मासळीचं पाणी उडतं ते नेमकं तिथेच.

खाऱ्यापाण्यातला (तारकर्ली)

मनापासून आभार. ठरलं: १५ सेंमीचं रिंक, नऊ ठिपके गोंदणासारखे, एका बाजूला पताका काळ्या-राखाडीत, जूनचा पहिला आठवडा. दोन शंका. ते पारदर्शक चिकट फिल्म लावून देतात, ती पावसाळ्यात टिकेल का? आणि घरी सगळे खोबरेल आणि हळद लावायला सांगताहेत.

शाईघर

फिल्म चालेल, पण आपल्या हवेत तिचा नियम कडक ठेवा. पहिली फिल्म २४ तासांनी काढायची, कारण पहिल्या दिवशी रक्त, लस आणि शाई मिळून काळं पाणी साठतं. ते साठणं साहजिक आहे, घाबरू नका. धुऊन, पूर्ण कोरडं करून दुसरी लावली तर ती तीन-चार दिवस ठेवता येते. कडेला एक जरी वाट फुटून पाणी गळायला लागलं तर लगेच काढा, वरून पट्टी चिकटवू नका. फिल्मच्या कडेला बारीक लाल पुरळ आलं तरी काढा. ते घामोळं किंवा चिकटाची ॲलर्जी असते, आणि खाजवल्याने टॅटूची खपली निघते. घाम फार येत असेल तर दुसरी फिल्म लावूच नका, उघडं ठेवा.

काढताना फिल्म वर ओढू नका. कोमट पाण्याखाली धरून त्वचेला समांतर ताणत काढायची.

धुणं दिवसातून दोनदा, घाम आला तर तिसऱ्यांदा, बिनवासाच्या सौम्य साबणाने आणि स्वच्छ हाताने. जूनमध्ये विहिरीला गढूळ पाणी येतं, म्हणून या पंधरा दिवसांसाठी उकळून गार केलेलं पाणी तांब्यात वेगळं ठेवा. पुसायला पंचा नको, तो दमट राहतो. कागदी रुमालाने नुसतं टिपायचं. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, वाटाण्याएवढं, सगळ्या रिंकला मिळून. त्वचा चकचकीत दिसली म्हणजे जास्त झालं, तेवढं टिपून घ्या.

खोबरेल पहिले दोन आठवडे नको. जाड थर बसतो, खाली घाम कोंडतो, आणि घरच्या घाण्याचं तेल निर्जंतुक नसतं. खपली पूर्ण पडून त्वचा मिटली की खुशाल लावा, तेव्हा ते छान काम करतं. हळद मात्र मुळीच नको. तिचे कण ओल्या जखमेत बसतात, आग होते, आणि खपलीचा रंग पिवळा पडल्यामुळे पू झालाय की नाही तेच कळत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून साल निघेल, शाईचे तुकडे पडताना दिसतील. ओढू नका. ठिपके गडद भरलेले आहेत, तिथली खपली जाड असते आणि ती आधी निघाली तर ठिपक्याच्या मध्ये फिकट भोक राहतं. रेघ लगेचच धूसर, निळसर कडेची दिसली तर सुई खोल गेली असं समजा. आतल्या बाजूची त्वचा पातळ असते, म्हणून सुरुवातीलाच सांगा की हात हलका ठेवा. बारीक रेघ कमी बसली तर पुन्हा गडद करता येते, पसरलेली शाई मागे घेता येत नाही.

४८ तासांनंतर दुखणं कमी व्हायला हवं. उलट वाढत असेल, लाली कडेच्या बाहेर पसरत असेल, फोड, पू, ताप किंवा दंडाकडे जाणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि खाऱ्या पाण्याचा किंवा मासळीचा संबंध आला असेल तर तो आवर्जून सांगायचा. औषध त्यावरून ठरतं.

निळीरेघ

जाण्याआधी दुकानात दोन-तीन गोष्टी बघाच. सुईचं काट्रिज सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर उघडलं पाहिजे, शाई छोट्या टोपीत काढून उरलेली टाकून दिली पाहिजे, आणि शाई पातळ करायला नळाचं पाणी नको, निर्जंतुक पाणी हवं. राखाडी छटा पताकांना लागणार आहेत, म्हणून हे नीट विचारा. हेपटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर आत्ताच सुरू करा, तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. जूनमध्ये वीज जाते, तेव्हा मशीन बॅटरीवर चालतं का आणि दिव्याला इन्व्हर्टर आहे का तेही विचारा. अर्धी चौकट झाल्यावर उजेड गेला तर उरलेली रेघ तिरकी जाते. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) वापरत असतील आणि मध्येच वीज गेली असेल तर ती फेरी पहिल्यापासून परत करावी लागते.

रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर बारा महिने करता येत नाही. जूनच्या आधी एकदा देऊन या.

आणि सैन्यदलाच्या भरतीचा विचार कुणाच्या मनात असेल, तर हाताची आतली बाजू ही लष्कर चालवून घेतं अशा मोजक्या जागांपैकी आहे, दंड नाही. तरी त्या वर्षीची जाहिरात वाचूनच सुई लावा.

कांदळवन

पताकांचं एक राहिलं. त्या रिंकच्या फळीला चिकटवू नका. फेसऑफच्या वर्तुळापासून फळीपर्यंत आत जेमतेम ४ मिमी आहेत. बाहेर पताकाही चिकटल्या तर ती बाजू सगळी काळी दिसेल. दोरी फळीपासून ५ मिमी दूर, मध्ये किंचित झोळ, पताका पाचच, प्रत्येक १२ मिमी. आणि त्या अंगठ्याच्या बाजूला घ्या. करंगळीची बाजू टेबलावर, होडीच्या काठावर सतत घासली जाते, तिथली बारीक छटा आधी उडते.

खाऱ्यापाण्यातला (तारकर्ली)

अंगठ्याच्या बाजूला, ५ मिमी सोडून. कागदावर काढून ठेवलं, कोपऱ्यात ‘क’ लिहिलाय.